उघड आहे

गणिताच्या पेपरात ‘उघड आहे’ हे दोन शब्द दिसले की तिथंच थांबायचं, पुढची ओळ वाचायची नाही, असं मी हल्ली वर्गात सांगतो. आधी सांगत नव्हतो. कारण माझ्या स्वतःच्या पीएच.डी.च्या पेपरात, पाचव्या पानावर, खालून चौथ्या ओळीत मी ते लिहिलेलं आहे आणि तिथं काहीही उघड नव्हतं. पेपर अर्थातच इंग्रजीत होता, तिथं एका शब्दात भागतं. पण मी विचार मराठीत करतो आणि मला ते दोन शब्द म्हणूनच आठवतात. मला माहीत होतं. लिहिताना माहीत होतं, छापून आल्यावर माहीत होतं आणि त्या पेपरच्या जोरावर बढती घेताना, मार्गदर्शक होताना, दुसऱ्यांच्या प्रबंधांवर ‘समाधानकारक’ असा शेरा मारतानाही माहीत होतं.

मी फार बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्याशी बोलण्यापेक्षा फळ्याशी बोललेलं बरं, तो निदान पुसता तरी येतो. तेव्हा हे सगळं लिहायला बसलो याचं घरात नवल चाललंय. माफी मागण्यासाठी लिहीत नाही. माफी एका मुलीची मागायची होती, ती मागून झाली. लिहितोय ते यासाठी की गेल्या काही महिन्यांत ‘मिटवून टाका’ असं सांगणारे बरेच भेटले आणि मला मिटवायचं नाही.

माझं काम आलेखांवरचं. आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यातल्या काहींना जोडणाऱ्या रेषा. गावं आणि रस्ते समजा. माझा मुख्य सिद्धांत एका लेमावर उभा होता. लेमा म्हणजे मोठ्या निकालाकडं जाताना वाटेत बांधून घेतलेली पायरी. माझी पायरी थोडक्यात अशी: एका विशिष्ट जातीच्या आलेखात काही वाटा घ्या, त्यातल्या कुठल्याही दोन वाटा कुठं ना कुठं एकमेकींना भेटत असतील, तर सगळ्या वाटांना मिळून सामायिक असा एक तरी बिंदू असतोच. दोन वाटांचं ठीक होतं. तीन वाटांपाशी मी अडलो. अख्खा एक उन्हाळा अडलो. शेवटी विद्यापीठात जाऊन माझ्या मार्गदर्शकांना दाखवलं. ते चहा पीत होते. कपाचा डाग पानावर पडू नये म्हणून त्यांनी बशी बाजूला सारली, पान बघितलं आणि म्हणाले, “अरे, इथं ‘उघड आहे’ लिही आणि पुढं चल. कोण वाचतंय?”

मी लिहिलं आणि पुढं गेलो. दोष त्यांच्यावर टाकत नाही. पेन माझ्या हातात होतं.

पंधरा दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलांना आमच्या स्टाफरूममध्ये ‘तत्काळ’ म्हणतात, रेल्वेच्या तिकिटासारखं. शुल्क भरा, जागा पक्की. आत कोण बसलंय ते कोणी बघत नाही. माझा पेपर तत्काळमध्ये बाराव्या दिवशी आला. पहिलं नाव मार्गदर्शकांचं, दुसरं माझं. तशी रीतच आहे. एक प्रत घेऊन मी परंड्याला वडिलांकडं गेलो. ते कोर्टात कारकून होते, नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी त्या अंकाला खाकी कव्हर घातलं, कोपरे नीट दुमडून, आणि आल्यागेल्याला दाखवायला लागले. पाचवं पान त्यांच्या विशेष आवडीचं, कारण त्यावर आकृती होती. म्हणायचे, “यातलं मला एक अक्षर कळत नाही, पण बघा, किती बारीक काम आहे.” मी शेजारी बसून चहा प्यायचो. ते गेले तेव्हा घरातून मी तेवढा एक अंक उचलून आणला. कपाटात आहे. कव्हर तसंच आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी माकणीची एक मुलगी माझ्याकडं पीएच.डी.ला आली. घरी मेंढरं आणि धरणाच्या अंगाला थोडी जमीन. ती एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, सुट्टीत काही नाही. सीनियर कॉलेजातल्या कायम जागेसाठी पीएच.डी. हवी आणि प्रबंध द्यायचा तर आधी निदान एक पेपर छापून यायला हवा.

तिला विषय मीच दिला, माझ्याच पेपरच्या पुढचं काम. तो का दिला, तेही सांगून टाकतो. त्यात माझा सिद्धांत उचलायचा आणि पुढं बांधत जायचं. पाचवं पान परत उघडायची कोणाला गरज पडणार नाही, असा माझा हिशेब होता. बहुतेक जण उघडतही नाहीत. हिनं उघडलं.

“सर,” एका दुपारी ती म्हणाली, “तुम्ही पाचव्या पानावर उघड आहे म्हणता, ते मला दिसंना.”

“परत वाच.”

“तीनदा वाचलं. मला वाटलं माझंच डोकं चालंना. मग काल एसटीत बसल्यावर लक्षात आलं.” तिनं हजेरीच्या एका जुन्या कागदाच्या पाठीवर त्रिकोण काढला आणि कोपऱ्यांना नावं दिली: उमरगा, लोहारा, मुरूम. “ही उमरगा-लोहारा गाडी. ही लोहारा-मुरूम. आणि ही मुरूम-उमरगा. कुठल्याबी दोन गाड्या घ्या, एका गावात भेटतात. आता तिन्ही गाड्या मिळतील असं गाव सांगा.”

“असं गाव नाही.”

“मग?”

“हा तुझा साधा त्रिकोण झाला. आपल्या जातीच्या आलेखात असा त्रिकोण येत नाही.”

“का येत नाही?”

मी तो कागद माझ्याकडं ओढला.

“सर, उघड आहे म्हणू नका,” ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

महिनाभरानं तिनं सोळा बिंदूंचा एक आलेख आणला. आमच्याच जातीचा, सगळ्या अटी पाळणारा, आणि त्याच्या पोटात तो त्रिकोण नीट बसलेला. लेमा खोटा. त्याच्यावर उभा असलेला सिद्धांतही खोटा. पण ती तिथं थांबली नाही. आणखी एक अट घातली की लेमा टिकतो, हे तिनं शोधून काढलं आणि सिद्ध केलं, एकही पायरी न गाळता. माझं घर पाडून तिनं त्याच जागेवर एक लहान खोली बांधली होती, पण ती खरी होती. इतकं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर झालेलं ते पहिलंच.

आता प्रश्न एवढाच राहिला की पाठवायचं कुठं.

तिच्या मनात एक जुनं जर्नल होतं, माझ्या आजोबांच्या काळापासून निघणारं. शुल्क नाही. पण तिथले रेफरी ओळ न ओळ तपासतात, वर्ष-दोन वर्षं लावतात आणि बहुतेकांना परत पाठवतात. संदर्भांत कोणी काय म्हटलंय, तेही काढून बघतात. म्हणजे माझं पाचवं पान कोणीतरी परक्या देशात टेबलावर पसरून बसणार.

मी म्हणालो, तत्काळमध्ये टाक. तीन वेळा म्हणालो, तीन वेगळ्या दिवशी. पुढच्या वर्षी कायम जागेच्या मुलाखती आहेत. तुझं वय वाढतंय. घरचे किती थांबतील? जुन्यानं परत पाठवलं तर दोन वर्षं वाया जातील. आणि ते सोळा बिंदूंचं उदाहरण प्रबंधात ठेव, पेपरात कशाला? यातलं एकही कारण खोटं नव्हतं. फक्त त्यातलं एकही माझं नव्हतं.

ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “बघते सर.” मग मी तिची फाईल मागून घेतली, वाचतो म्हणून. अकरा दिवस ठेवली. वाचत होतो हे खरं, पण कसा, ते आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिची चूक शोधत होतो. तिची सिद्धता कुठंतरी पडावी, अशी आशा करत होतो. विद्यार्थिनीच्या पेपरात चूक निघावी म्हणून जो मार्गदर्शक देवाकडं जवळजवळ मागणं मागतो, तो माणूस मी आहे. बाराव्या दिवशी फाईल परत दिली. काही सापडलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. मेंढरांचं औषध घ्यायला जनावरांच्या दवाखान्यात निघाले होते, वाटेत कॉलेजात डोकावले. दारातच चपला काढल्या. मी बसा बसा म्हणालो तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकले. ती शेजारी उभी राहिली.

“सर, पोरीचं पेपरात यायचंय म्हणं.”

“हो, येणार आहे.”

“कोणच्या पेपरात? म्या त्या दिवशी चार-पाच घिऊन ठिवतो. पाव्हण्यांनाबी द्यावं लागतील.”

“आबा,” ती कानकोंडी होऊन म्हणाली, “तसला पेपर न्हाय तो.”

“मग परीक्षेचा हाय व्हय?”

“तसाबी न्हाय. आपण काय शोधलं ते लिहायचं. मग बाकीचे गणितवाले वाचत्यात, आन् चुकलं असलं तर सांगत्यात.”

“अस्सं.” ते माझ्याकडं वळले. “मग सर, तसल्यात चांगला कंचा?”

“एक लवकर येणारा आहे, आबा.”

“त्यो कोण वाचतं?”

मी ‘बरेच लोक’ म्हणणार होतो. तोंडातून गेलं, “कोणी नाही.”

त्यांना वाटलं मी चेष्टा केली. मोठ्यानं हसले. “कुणी वाचतच न्हाय तर त्यात आलं काय आन् न्हाय आलं काय. त्यापरीस म्या घरच्या भिताडावर लिवून घेतो की. निदान मेंढरं तरी बघतील.”

ती हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. ते औषधाला निघून गेले, ती मागं थांबली. आणि खिडकी लावू का विचारावं इतक्या सहज तिनं विचारलं,

“सर, तुम्हाला पाचव्या पानाचं आधीपासून माहीत होतं का?”

“हो.”

“म्हणून तत्काळ?”

“हो.”

“आणि माझी फाईल अकरा दिवस?”

“तुझी चूक सापडते का बघत होतो.”

“सापडली?”

“नाही.”

“मीपण तेच बघत होते,” ती म्हणाली. “मलाबी नाही सापडली.”

मग मी तिची माफी मागितली. नीट शब्दांत मागितली, म्हणजे मला जमेल तितक्या नीट. तिनं ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. फाईल उघडून पहिलं पान माझ्यासमोर ठेवलं. “माफीचं राहू द्या, सर. ही ओळ बघा. जुन्याला पाठवायचं तर ती अशीच ठेवायची का?”

तिथं तिनं माझ्या पेपराविषयी लिहिलं होतं की ‘त्यातील एका पायरीत थोडी त्रुटी राहिलेली दिसते.’ शिक्षकाचा मान ठेवून लिहिलं होतं. मी ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: ‘त्या पेपरातील लेमा खोटा आहे. पुढं उदाहरण दिलं आहे.’

“सर, हे लई उघडं होतंय.”

“होऊ दे. एकदा खरंच उघड होऊ दे.”

“मुलाखत हुकेल माझी.”

“मग विचार कर. मी आता काहीच सुचवणार नाही. माझं सुचवून झालंय.”

“जागा परत निघंल,” ती म्हणाली. “मी तासिकेवर आहे, सर. थांबायचं मला कोणी शिकवायला नको.” जाता जाता दारातून विचारलं, “तुमचं नाव पहिलं टाकू ना?”

“माझं नाव संदर्भांच्या यादीत आहे,” मी म्हणालो. “तिथंच शोभतं.”

पेपर तिच्या एकटीच्या नावानं जुन्या जर्नलला गेला.

त्यानंतरचं सगळं मी ओढवून घेतलेलं आहे आणि त्याची मला तक्रार नाही. पहिला फोन मार्गदर्शकांना केला, कारण त्यांनी ते दुसऱ्या कोणाकडून ऐकायला नको होतं. ते निवृत्त आहेत, आवाज अजून खणखणीत.

“अरे, इतकी वर्षं झाली. कोणाचं काय अडलं?”

“एका मुलीचं अडलं होतं, सर.”

“तिला तत्काळमध्ये टाकायला सांगायचं. माझं नाव आहे त्या पेपरवर.”

“आहे ना, सर. पहिलं आहे.”

मग म्हणाले, “मी तुला मुलासारखं सांभाळलं.” हे खरं आहे. त्यांनी मला विद्यापीठात स्वतःच्या घरी जेवू घातलेलं आहे. मी म्हणालो, “म्हणूनच तुम्हाला आधी सांगितलं.” त्यांनी फोन ठेवला. परत केलेला नाही. मीही नाही. त्याचं वाईट वाटतं, पण पश्चात्ताप होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला या वयात कळलं.

प्राचार्यांनी दार लावून घेतलं. “तपासणीला समिती यायची आहे आणि तुम्ही स्वतःच्याच पेपराला खोटं ठरवताय?”

“मी नाही ठरवलं. तो होताच. कॉलेजच्या पेपरांच्या यादीतून काढा.”

“यादी लहान होते.”

“होऊ द्या लहान.”

“आणि तुमची पदवी? तिचं काय, याचा विचार केलाय का?”

“विद्यापीठाला मी लेखी कळवलं आहे. काढून घ्यायची असेल तर घेऊ द्या. मी अडवणार नाही.”

“अहो, पण विचारलं कोणी तुम्हाला?”

कोणी विचारलं नव्हतं, हे खरंच आहे. कोणी विचारत नाही म्हणूनच तर इतकी वर्षं चाललं. हे मी त्यांना म्हणालो नाही, इथं म्हणतो. विद्यापीठाचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर सही करून घेईन.

तत्काळलाही पत्र पाठवलं. माझ्या अमुक पेपरातला लेमा खोटा आहे, सबब तो पेपर मागं घ्यावा. सोबत सोळा बिंदूंची आकृती, जिनं काढली तिच्या परवानगीनं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. अभिनंदन. आपला शोधनिबंध तज्ज्ञांनी तपासला असून कोणत्याही बदलाशिवाय स्वीकारण्यात येत आहे. खाली प्रमाणपत्राचा नमुना, त्यावर माझं नाव. त्यांनी माझं कबुलीचं पत्र नवा पेपर म्हणून घेतलं होतं. मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं तर लोक टेबल बडवून हसले. एक सहकारी म्हणाला, “सर, शुल्क भरून टाका, दोन पेपर होतील.” तेव्हापासून तिथं ‘उघड आहे’ हा चेष्टेचा शब्द झाला आहे. चहात साखर कमी आहे का? उघड आहे. सत्यवादी सर आज लवकर निघाले का? उघड आहे. मी चहा पितो. आधी पंधरा-वीस वर्षं याच टेबलावर मी मान खाली घालून चहा प्यायलो आहे आणि तेव्हा कोणी चेष्टा करत नव्हतं. मला आताचा चहा बरा वाटतो.

मुलाखती व्हायच्या तेव्हा झाल्या. पेपर छापलेला नाही म्हणून पीएच.डी. नाही, म्हणून तिला आत बोलावलंच नाही. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. हे मी इथं मुद्दाम लिहितो, कारण खरं बोललं की सगळं चांगलं होतं, असं सांगायला मी बसलेलो नाही. किंमत तिनं दिली, आणि चूक माझी होती.

आठव्या महिन्यात जुन्या जर्नलचं पत्र आलं. रेफरीची दोन पानं. त्यानं, किंवा तिनं, माझा जुना पेपर काढून वाचला होता आणि लिहिलं होतं की उदाहरण बरोबर आहे, लेमा खोटा आहे. एवढंच. इतकी वर्षं ज्याला भ्यालो ते एका ओळीत संपलं, तेही माझ्याविषयी एक शब्द न बोलता. पुढं बारीकसारीक सूचना होत्या आणि शेवटची अशी: पान नऊ, ओळ सहा. लेखिका म्हणते हे उघड आहे. का?

ती छापील कागद घेऊन आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

“तू लिहिलंस हे?”

“मीच की.”

“आणि मला अकरा दिवसांत दिसलं नाही.”

“मलाबी दिसलं नाही, सर. हात जातो आपोआप.”

बसलो. दोघंही, फळ्यासमोर, कॉलेज सुटल्यावर रोज दोन तास. पहिल्या दिवशी वाटलं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं खोटं आहे. तिनं खडू खाली ठेवला आणि विचारलं, “पडलं तर?”

“पडलं तर पडलं म्हणून लिहायचं आणि तिथंच पाठवायचं.”

तिनं खडू परत उचलला. चौथ्या दिवशी सुटलं. खरं होतं, पण उघड मुळीच नव्हतं. लिहून काढायला दीड पान लागलं. तिनं ते दोन शब्द खोडले, दीड पान घातलं आणि पेपर परत पाठवला. निर्णय अजून यायचा आहे. परतही येऊ शकतो. आला तर अशाच दुसऱ्या ठिकाणी जाईल, जिथं कोणीतरी ‘का’ विचारतं.

परवा बसस्टँडवर तिचे वडील भेटले. त्यांनी लांबूनच विचारलं, “सर, आला का वो पोरीचा पेपर?”

“अजून नाही, आबा. वाचत्यात.”

“वाचू द्या की,” ते म्हणाले, आणि माकणीच्या गाडीत चढले.